परगावचे सामने आणि २००७ ची रस्सीखेच : बेसबॉल, डायरेक्टटीव्ही आणि केबलवाले

मंजिरी_कोलंबस (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

१९ नोव्हेंबर २०२५ ला मेजर लीग बेसबॉलचे नवे करार जाहीर झाले. २०२६ ते २०२८ या तीन मोसमांत एमएलबी डॉट टीव्ही ही इंटरनेटवरची सेवा विकण्याचा हक्क ईएसपीएनकडे जातोय. आपण राहतो त्या भागाचा नसलेला संघ पाहायचा, तर हीच सेवा घ्यावी लागते. नवऱ्याने बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि मला २००७ चा मार्च महिना आठवला. त्या महिन्यात मी रोज सकाळी चहाच्या आधी एकच बातमी शोधत असे : केबलवाल्यांचं आणि बेसबॉलचं जमलं का?

आम्ही २००५ पर्यंत बॉस्टनला लागून असलेल्या समरव्हिलमध्ये राहत होतो. २००४ च्या ऑक्टोबरात बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाने ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकली, त्या रात्री अख्खी गल्ली रस्त्यावर आली होती आणि आम्हीही त्यात होतो. मी लहानपणापासून क्रिकेटवेडी. बेसबॉल मला त्या एका वर्षात कळला आणि मग सुटला नाही. पुढे नोकरीमुळे ओहायोत, कोलंबसला आलो. इथे घरचा संघ क्लीव्हलंडचा, दक्षिणेकडे सिनसिनाटीचा. रेड सॉक्स आता 'परगावचा' संघ झाला.

परगावच्या संघांसाठी टीव्हीवर 'एक्स्ट्रा इनिंग्ज' नावाचं पॅकेज होतं. मोसमाचे पैसे एकदम भरायचे आणि देशभरातले सामने पाहायचे. ते केबलवर मिळायचं, डायरेक्टटीव्ही आणि डिश नेटवर्क या दोन्ही छत्र्यांवरही मिळायचं. आम्ही २००६ मध्ये ते केबलवर घेतलं.

जानेवारी २००७ मध्ये वर्तमानपत्रांत आलं की हे पॅकेज आता एकट्या डायरेक्टटीव्हीला जाणार. ८ मार्चला करार अधिकृतपणे जाहीर झाला. सात वर्षं, ७० कोटी डॉलर. केबल कंपन्यांच्या वतीने बोलणी करणारी 'इन डिमांड' (कॉमकास्ट, टाइम वॉर्नर आणि कॉक्स यांची सामाईक कंपनी) आणि डिश नेटवर्क चालवणारी एकोस्टार, दोघांना सांगण्यात आलं की महिनाअखेरपर्यंत याच अटी मान्य करा, नाहीतर पॅकेज गेलं.

माझी अडचण साधी होती. आमच्या भाड्याच्या घराला एकच बाल्कनी, आणि ती उत्तरेकडे. अमेरिकेत छत्रीला दक्षिणेचं मोकळं आकाश लागतं. भाडेकरूला स्वतःच्या बाल्कनीत छत्री लावू द्यावी असा केंद्रीय दूरसंचार आयोगाचा नियम आहे, पण बाल्कनीची दिशा कोण बदलणार? इमारतीच्या व्यवस्थापनाला गच्चीसाठी दोन पत्रं लिहिली. दोन्हींना नकार आला.

खालच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे. मूळचे मॅसॅच्युसेट्सचे, वूस्टरचे. बायको गेल्यावर मुलीजवळ राहायला ओहायोत आलेले. आमची ओळखच मुळी माझ्या लाल टोपीमुळे झाली. त्यांच्याकडे फक्त केबल होती, संगणक नव्हता. बेसबॉलचे अधिकारी तेव्हा सांगत होते की डायरेक्टटीव्ही नसेल तर इंटरनेटवर पाहा. ते वाक्य वाचलं की मला आजोबांची बैठकीची खोली दिसायची. आणि ज्यांच्याकडे संगणक होता त्यांनाही २००७ मध्ये इंटरनेटवर एका छोट्या चौकटीत अडखळणारं चित्र मिळायचं, हे विसरू नका.

आता मुद्द्यावर येते. तेव्हा मला वाटलं होतं की हा पैशांचा लोभ आहे. पुढे सगळं वाचून काढलं तेव्हा लक्षात आलं की पॅकेजचा पैसा यात दुय्यम होता. बेसबॉलला स्वतःचं चोवीस तासांचं चॅनेल काढायचं होतं आणि ते लोकांच्या मूळ पॅकेजमध्ये घालून हवं होतं. डायरेक्टटीव्हीने ते कबूल केलं. त्यांची दीड कोटींहून जास्त घरं होती. केबलवाल्यांची तयारी होती ती जादा पैशांच्या 'स्पोर्ट्स टिअर'मध्ये ठेवण्याची. म्हणजे भांडण जन्माला न आलेल्या चॅनेलच्या जागेवरून होतं, आणि ती जागा मिळवण्यासाठी पणाला लावलं होतं आमचं पॅकेज. आमच्यासारखे लोक संख्येने थोडे, पण आवाज करणारे. आपलं गाव सोडलेला माणूस संघासाठी किती आरडाओरडा करेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या बोलण्यांबद्दल आणि पुढे काय झालं त्याबद्दल बोलूया. इथे बरेच जण अमेरिकेत आहेत, काही जण या व्यवसायातही आहेत. माझं काही चुकत असेल तर सांगा.

---

देवदत्त_पुणे

मंजिरीताई, धागा आवडला. मी पुण्यातून पहाटे साडेचार-पाचला उठून यांकीजचे सामने पाहतो. तिथली संध्याकाळ ही आपली पहाट, त्यामुळे ऑफिसच्या आधी सामना उरकतो. एमएलबी डॉट टीव्ही इथे घेतलं की जवळपास सगळंच दिसतं.

एक मूलभूत शंका. रेड सॉक्सचं स्वतःचं चॅनेल आहे ना? मग तेच चॅनेल ओहायोत का लावत नाहीत? मुंबई इंडियन्सचा सामना नागपुरात दिसत नाही असं कधी ऐकलं नाही.

---

मंजिरी_कोलंबस

देवदत्त, सगळ्याचं मूळ तुमच्या प्रश्नातच आहे.

रेड सॉक्सचे सामने नेसन या चॅनेलवर असतात. त्याची ८० टक्के मालकी क्लबच्याच मालकांकडे आहे. पण बेसबॉलमध्ये प्रत्येक क्लबला टीव्हीसाठी एक प्रदेश आखून दिलेला आहे आणि क्लबचं चॅनेल त्या प्रदेशाबाहेर सामने दाखवू शकत नाही. आयपीएलचे हक्क मंडळ एकत्र विकतं, म्हणून मुंबईचा सामना नागपुरात दिसतो. इथे एका मोसमात २,४३० सामने होतात. त्यातले बहुतेक ज्या त्या क्लबने आपापल्या प्रदेशात विकलेले असतात. मोजके राष्ट्रीय वाहिन्यांवर.

प्रदेशाबाहेर राहणाऱ्यांसाठी लीग सगळ्यांचे सामने गोळा करून एक गाठोडं विकते, ते हे पॅकेज. यातला पैसा तीसही क्लबांमध्ये सारखा वाटला जातो. स्थानिक चॅनेलचा पैसा मात्र मुख्यतः त्या त्या क्लबचा.

आणि याचीच दुसरी बाजू म्हणजे ब्लॅकआऊट. पॅकेज घेतलं तरी तुमच्या भागातल्या संघाचा सामना त्यात काळा दिसतो, कारण तो स्थानिक चॅनेलने विकत घेतलेला असतो. मला रेड सॉक्स विरुद्ध क्लीव्हलंड पॅकेजमध्ये कधीच दिसला नाही. तो ओहायोच्या चॅनेलवर, ओहायोच्या समालोचकांच्या तोंडून ऐकावा लागे.

---

श्रीरंग_एडिसन

मी न्यू जर्सीत बावीस वर्षं टीव्ही जाहिरातींच्या हिशेबात काढली आहेत, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. मंजिरीताईंची तळमळ समजते, पण 'पणाला लावलं' हा शब्द मला पटत नाही.

आधी पैशांचं बघा. ७० कोटी भागिले सात म्हणजे वर्षाला १० कोटी डॉलर. तीस क्लबांत वाटले तर प्रत्येकी ३३ लाखांच्या आसपास. त्याच हिवाळ्यात रेड सॉक्सने जपानच्या दाइसुके मात्सुझाका या पिचरशी (चेंडू टाकणाऱ्याशी) नुसती बोलणी करण्याच्या हक्कासाठी त्याच्या क्लबला ५ कोटी ११ लाख डॉलर मोजले होते. तेव्हा पॅकेज हे क्लबांच्या दृष्टीने किरकोळ होतं, इथपर्यंत आपलं एकमत आहे.

पण मग चॅनेलला मूळ पॅकेजमध्ये जागा मागणं गैर का? एनएफएलकडे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगकडे, बघा. त्यांनी २००३ मध्ये स्वतःचं चॅनेल काढलं आणि मोठ्या केबल कंपन्यांशी वर्षानुवर्षं भांडत बसले. टाइम वॉर्नर केबलने ते २०१२ मध्ये घेतलं, म्हणजे नऊ वर्षं गेली! जादा पैशांच्या टिअरमध्ये टाकलेलं चॅनेल थोड्याच घरांत जातं, त्याला जाहिराती मिळत नाहीत, ते कुढत मरतं. बेसबॉलने ते पाहिलं होतं. चॅनेल सुरू करण्याआधीच जागा पक्की करायची हे त्यांनी ठरवलं, यात धंद्याचं शहाणपण आहे.

आणि केबलवाले काही साव नव्हते. त्यांचा प्रस्ताव असा होता की डायरेक्टटीव्ही जितक्या घरांत चॅनेल नेईल तितक्याच घरांत आम्हीही नेऊ. बेसबॉलचं म्हणणं होतं की घरांचा आकडा नको, प्रमाण तेच हवं. डायरेक्टटीव्ही आपल्या बहुतेक सगळ्या ग्राहकांना देणार, तर तुम्हीही बहुतेक सगळ्यांना द्या. केबलच्या ग्राहकांची संख्या कितीतरी मोठी असल्यामुळे या दोन वाक्यांत कोट्यवधी घरांचा फरक होता. 'आम्ही अटी पूर्ण केल्या' असं केबलवाल्यांनी जाहीर केलं आणि बेसबॉलने ते सपशेल नाकारलं, ते या फरकामुळे.

---

मंजिरी_कोलंबस

श्रीरंगजी, संख्या आणि प्रमाणाचा मुद्दा फार नेमका मांडलात. तेव्हा बातम्यांत दोन्ही बाजू एकमेकांना खोटं ठरवत होत्या आणि मला कळेना की एकच प्रस्ताव दोघं इतका वेगळा कसा वाचतात.

तरीही मी माझ्या शब्दावर ठाम आहे. चॅनेलसाठी जागा मागावी, जरूर मागावी. पण चॅनेलला जागा द्या नाहीतर वूस्टरच्या आजोबांचा संघ बंद, या दोन गोष्टींची गाठ बेसबॉलनेच मारली होती. आजोबांचा त्या चॅनेलशी काडीचा संबंध नव्हता. जे पॅकेज ते आधीपासून पैसे देऊन घेत होते, तेवढंच त्यांना हवं होतं.

---

वऱ्हाडी

धागा वाचून अंगावर काटा आला, कारण हेच महिने आमच्या नागपूरलाही असेच गेले!

जानेवारी २००७, भारत-वेस्ट इंडीज एकदिवसीय मालिका. पहिला सामना २१ तारखेला आमच्या नागपुरात. बीसीसीआयचे हक्क निंबसकडे, त्यांनी चार वर्षांसाठी ६१ कोटी २० लाख डॉलर मोजलेले, आणि त्यांचं नवं कोरं चॅनेल निओ स्पोर्ट्स. दूरदर्शनला सामना द्यायचा की नाही यावर वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. शेवटी मालिकेतले सामने दूरदर्शनवर सात मिनिटं उशिराने दाखवायचं ठरलं.

नागपूरच्या सामन्याला मी स्टेडियममध्ये होतो. सौरव गांगुलीचं पुनरागमन होतं, ९८ वर धावबाद झाला. भारताने ३३८ केल्या, चंद्रपॉल १४९ वर नाबाद राहिला आणि आपण १४ धावांनी जिंकलो. त्या मालिकेतल्या दूरदर्शनच्या सामन्यांबद्दल आजी म्हणाली, "शेजारी ओरडले की मला कळायचं आता काहीतरी होणार, आणि मग सात मिनिटांनी व्हायचं." शेजाऱ्यांच्या केबलला निओ होतं, आमच्याकडे अँटेना. हे वाक्य घरात अजून निघतं.

त्यानंतर सरकारने आधी वटहुकूम काढला आणि मग २००७ चाच कायदा आला : राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावंच लागेल. जाहिरातींच्या उत्पन्नात ७५ टक्के वाटा हक्कधारकाचा, २५ प्रसार भारतीचा. अमेरिकेत असा कायदा का नाही केला?

---

श्रीरंग_एडिसन

वऱ्हाडी, आजीचं वाक्य फारच बोलकं. पण दोन्हींत मोठा फरक आहे.

आपल्याकडे प्रश्न होता राष्ट्रीय संघाचा. १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगितलेलं होतं, त्यामुळे सरकारला पाय रोवायला जागा होती. इथे वर्ल्ड सिरीज फुकटच्या वाहिनीवर दिसतेच. वाद होता नियमित मोसमातल्या परगावच्या सामन्यांचा, आणि तो कोणाही खासदाराला 'राष्ट्रीय महत्त्वाचा' म्हणता आला नसता.

शिवाय बेसबॉलला इथे जुनं संरक्षण आहे. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बेसबॉल हा मक्तेदारीविरोधी कायद्यात बसणारा आंतरराज्यीय व्यापार नाही. त्यानंतर १९६१ चा कायदा, ज्याने क्लबांना एकत्र येऊन फुकट वाहिन्यांना हक्क विकायची मुभा दिली. पैसे भरून पाहायच्या पॅकेजला तो लागू होतो की नाही यावर वकिलांची पोटं भरली आहेत.

---

मंजिरी_कोलंबस

कायदा झाला नाही हे खरं, पण दडपण आलं. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर जॉन केरी यांनी हा विषय धरला. त्यांनी दूरसंचार आयोगाच्या अध्यक्षांना लिहिलं, आणि २७ मार्चला सिनेटच्या वाणिज्य समितीसमोर सुनावणी झाली. बेसबॉलचे अध्यक्ष बॉब ड्युपे, केबलवाले, छत्रीवाले, सगळे एका टेबलावर. मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात ती ऐकत होते. एखाद्या खेळाच्या पॅकेजसाठी सिनेटर इतके बारकाईने प्रश्न विचारतोय याचं मला तेव्हा अप्रूप वाटलं. आपल्यासारख्यांची पत्रं कुठेतरी पोचतात, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. मीही एक लिहिलं होतं, हातानं, कारण आजोबांना त्यावर सही करायची होती.

सुनावणीत तोडगा निघाला नाही. मार्च संपला. १ एप्रिलला मोसम सुरू झाला, पॅकेज केबलवर नाही. ४ एप्रिलला बातमी आली : जमलं!

आता कसं जमलं ते बघा. केबलवाल्यांनी नव्या चॅनेलला मूळ डिजिटल पॅकेजमध्ये जागा दिली. बदल्यात त्यांना चॅनेलची मालकी मिळाली. चॅनेलचा दोन तृतीयांश हिस्सा बेसबॉलकडे राहिला आणि उरलेला एक तृतीयांश डायरेक्टटीव्ही, कॉमकास्ट, टाइम वॉर्नर आणि कॉक्स या चौघांत वाटला गेला. एकदा दुकानात भागीदारी मिळाली की भागीदार स्वतःच माल पुढच्या फळीवर मांडतो. एकोस्टारशी मात्र त्या मोसमात जमलं नाही. डिशवाले प्रेक्षक बाहेर राहिले आणि त्यांच्याबद्दल पुढे कोणी फारसं बोललंही नाही, याचं मला वाईट वाटतं.

---

श्रीरंग_एडिसन

भागीदारी हीच त्या कराराची किल्ली. एनएफएलने चॅनेल पूर्ण स्वतःचं ठेवलं म्हणून केबलवाल्यांना त्यात रस नव्हता. बेसबॉलने एक तृतीयांश सोडलं आणि १ जानेवारी २००९ ला एमएलबी नेटवर्क सुरू झालं ते सुमारे पाच कोटी घरांत. केबलच्या इतिहासात तोवर कोणतंही चॅनेल पहिल्याच दिवशी इतक्या घरांत गेलं नव्हतं.

पहिल्या रात्री त्यांनी १९५६ च्या वर्ल्ड सिरीजमधला डॉन लार्सनचा परफेक्ट गेम (एकाही फलंदाजाला बेसवर पोचू न देता जिंकलेला सामना) दाखवला, जुन्या चित्रफितीवरून, आणि लार्सन व त्याचा कॅचर योगी बेरा दोघंही स्टुडिओत बसून बघत होते. तो कार्यक्रम मी पाहिला आहे. त्या चॅनेलसाठी जे काही झालं ते झालं, पण त्या रात्री मला ते सार्थकी लागल्यासारखं वाटलं. न्यू जर्सीतल्या सिकॉकसला स्टुडिओ आहे, आमच्यापासून अर्ध्या तासावर.

---

रोहिणी_दे_मॉइन

उशिरा येतेय. मी आयोवात राहते, विमा कंपनीत काम करते. इथे आपले बरेच मराठी लोक आहेत.

आयोवात बेसबॉलचा एकही मोठा संघ नाही. तरीही आमच्या राज्यात सहा संघ 'घरचे' मानले जातात : शिकागोचे कब्ज आणि व्हाइट सॉक्स, सेंट लुईसचे कार्डिनल्स, कॅन्सस सिटीचे रॉयल्स, मिनेसोटाचे ट्विन्स आणि मिलवॉकीचे ब्रुअर्स. सहाही पॅकेजमध्ये काळे. दिवसाला पंधरा सामने असतील तर आठवड्याच्या बऱ्याच संध्याकाळी त्यातले पाच-सहा बंद. आणि घरचे म्हटले तरी या सगळ्यांची चॅनेलं स्थानिक केबलवर मिळतीलच असं नाही. लास व्हेगसलाही असेच सहा संघ होते.

म्हणून मला वाटतं की २००७ चा विजय अर्धाच होता. पॅकेज कोण दाखवणार हे ठरलं, पण नकाशाला कोणीच हात लावला नाही. माझ्या मुलाने सहाव्या वर्षी विचारलं होतं, "आई, आपण कुणाच्या गावचे?" इथे जन्मलेला पोरगा, सहा संघ घरचे आणि एकही टीव्हीवर नाही.

---

श्रीरंग_एडिसन

रोहिणीताई, नकाशाचं उदाहरण म्हणून नॉर्थ कॅरोलिना घ्या. बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनच्या संघांचं तेव्हाचं चॅनेल मॅसन. त्यांचा प्रदेश नॉर्थ कॅरोलिनापर्यंत पसरलेला. तिथल्या टाइम वॉर्नर केबलशी मॅसनचा वाद झाला, चॅनेल कोणत्या टिअरमध्ये ठेवायचं याच मुद्द्यावर. प्रकरण दूरसंचार आयोगाकडे गेलं. २००८ मध्ये आयोगाच्या विभागाने चॅनेलच्या बाजूने कौल दिला, २०१० मध्ये आयोगाने तो फिरवून केबलच्या बाजूने दिला. यात प्रेक्षकाचं काय होतं बघा : प्रदेशात आहे म्हणून पॅकेजमध्ये ब्लॅकआऊट, आणि चॅनेल केबलवर नाही म्हणून तिथेही नाही. पैसे घेऊन उभा आहे, आणि विकणारा कोणी नाही.

आधी मी धंद्याची बाजू घेतली होती. या एका गोष्टीत मात्र मी पूर्णपणे प्रेक्षकांबरोबर आहे. जो माल तुम्ही स्वतः विकत नाही, तो दुसऱ्यालाही विकू न देणं हे मला कधीच पटलं नाही.

---

देवदत्त_पुणे

म्हणजे मला पुण्यात बसून जे दिसतं ते आयोवातल्या माणसाला दिसत नाही? हे मला आज कळलं. कोणी कोर्टात गेलं नाही का?

---

मंजिरी_कोलंबस

गेले. २०१२ मध्ये प्रेक्षकांनी न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात सामूहिक दावा लावला. मुद्दा हाच : प्रदेश वाटून घेणं म्हणजे स्पर्धा मारणं. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी २०१४ मध्ये सांगितलं की बेसबॉलचं १९२२ पासूनचं संरक्षण टीव्हीच्या प्रदेशवाटपाला लागू होत नाही. ही मोठीच गोष्ट होती. पण खटला उभा राहण्याच्या तोंडावर, जानेवारी २०१६ मध्ये, तडजोड झाली. एमएलबी डॉट टीव्हीची किंमत १२९.९९ वरून १०९.९९ डॉलरवर आली आणि एकाच संघाचं पॅकेज ८४.९९ ला मिळू लागलं. ब्लॅकआऊट तसाच राहिला.

एका संघाचं पॅकेज आलं तेव्हा मी पहिल्याच दिवशी घेतलं. मला कधीच तीस संघ नको होते. मला एकच हवा होता.

---

वऱ्हाडी

आणि आता पुढे काय? ईएसपीएनकडे गेल्यावर ब्लॅकआऊट उठेल?

---

श्रीरंग_एडिसन

नाही, पॅकेजचा विक्रेता बदलला, नकाशा तोच. पण नकाशा स्वतःच खिळखिळा झालाय. बऱ्याच संघांची स्थानिक चॅनेलं चालवणारी डायमंड स्पोर्ट्स कंपनी मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. मे महिन्याच्या शेवटी सॅन डिएगो पॅड्रेसचे सामने लीगने स्वतःच दाखवायला घेतले आणि तिथल्या लोकांना ते ब्लॅकआऊटशिवाय विकले. त्यानंतर आणखी काही संघ त्याच वाटेने आले. ईएसपीएनच्या करारात अशा सहा संघांचे स्थानिक सामनेही आहेत.

कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांचं म्हणणं आहे की २०२८ नंतर सगळ्या क्लबांचे हक्क एकत्र विकावेत. त्यांनी मुद्दामच सगळे राष्ट्रीय करार २०२८ ला संपतील असे बांधले आहेत. अडचण आहे ती यांकीज, डॉजर्स, रेड सॉक्ससारख्या श्रीमंत क्लबांची. त्यांच्या चॅनेलचा पैसा त्यांचाच आहे, तो ते इतरांबरोबर सारखा का वाटून घेतील? २००७ मध्ये बोलणी बाहेरच्यांशी होती. २०२८ मध्ये ती घरातल्या घरात असतील, आणि ती जास्त अवघड.

---

रोहिणी_दे_मॉइन

सगळे हक्क एकत्र विकले तर आयोवाचा प्रश्न एका दिवसात सुटेल. मी तर पत्र लिहायला बसणार आहे. मंजिरीताई, तुम्ही केरींना काय लिहिलं होतं ते आठवतं का? मसुदा असेल तर इथे द्या.

---

मंजिरी_कोलंबस

मसुदा ठेवला नाही, रोहिणी. पण काय लिहिलं ते आठवतं. मी कायद्याचं काही लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं की आमची बाल्कनी उत्तरेकडे आहे, खाली राहणारे गृहस्थ एक्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यांच्याकडे संगणक नाही आणि ते १९४० च्या दशकापासून हा संघ बघत-ऐकत आले आहेत. आम्ही दोघं पैसे भरायला तयार आहोत. एवढंच. तूही तुझ्या मुलाचा प्रश्न जसाच्या तसा लिही.

४ एप्रिलला करार झाला आणि ५ एप्रिलला दुपारी कॅन्सस सिटीत मात्सुझाकाचा पहिला सामना होता. आमच्या केबलवर पॅकेज चालू व्हायला आणखी काही दिवस लागले, त्यामुळे तो आम्हाला दिसला नाही. मी ऑफिसातून संगणकावर धावफलक बघत होते. सात इनिंग्ज, दहा स्ट्राइकआऊट. प्रत्येक स्ट्राइकआऊटला आजोबांना फोन करत होते. पाचव्या फोननंतर ते म्हणाले, "ठेवू नकोस आता, धरून राहा."

त्या ऑक्टोबरात रेड सॉक्सची गाठ क्लीव्हलंडशीच पडली. सगळं कोलंबस एका बाजूला आणि आमच्या इमारतीत आम्ही तिघं. सात सामन्यांच्या मालिकेत ३-१ असे मागे पडलो होतो, तिथून सातव्या सामन्यात जिंकलो. ते सामने फुकटच्या वाहिनीवर होते, कोणतंही पॅकेज लागलं नाही. आजोबांनी आवाज मुद्दाम मोठा ठेवला होता.